हुकूम आणि मजकूर

अमरावतीस अक्षरजुळणीचे काम करणाऱ्याकडे जी जुनी कामे नव्याने येतात, त्यांतील बहुतेकांची कुळकथा एकच असते. एखाद्या संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, सहकारी जिनिंगचा वार्षिक अहवाल, कोणा कीर्तनकाराच्या निरूपणांची वही हे सारे युनिकोड येथे रुळण्यापूर्वी कृतिदेवसारख्या फॉन्टात जुळवले गेले, छापून वाटले गेले, आणि आज तीच फाईल उघडली असता पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नि विरामचिन्हांचा निरर्थक खच दिसतो. अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, अचलपूरहून माणसे पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, एवढं युनिकोडात करून द्या नं." जणू सदऱ्याला इस्त्रीच फिरवायची आहे!

आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्यांचे तीर्थक्षेत्र, त्या महानुभाव पंथीयांनी सकळ लिपीत अक्षराऐवजी अक्षर योजून आपल्या पोथ्या परक्या नजरेपासून राखल्या. त्या लिपीची किल्ली हाती आली की पोथी वाचता येते. फॉन्टची किल्ली हाती असूनही तेवढ्याने भागत नाही, कारण येथे क्रमाचा तंटा असतो. टंकलेखनयंत्रावरून उतरलेल्या या मांडणीत ह्रस्व वेलांटी, म्हणजे लहान एफ, व्यंजनाच्या आधी पडते आणि रफार, म्हणजे मोठा झेड, अक्षराच्या नंतर. युनिकोडात दोन्ही गोष्टी नेमक्या उलट. 'कर्म' हा शब्द तेथे क, म, रफार अशा क्रमाने निजलेला असतो. 'स्थिती'तली वेलांटी अर्ध्या स च्याही अलीकडे उभी असते, तेव्हा तिला एकच चिन्ह ओलांडू देणारा अदलाबदलीचा हुकूम कुचकामाचा. अख्खे जोडाक्षर ओलांडू देणारा हवा. शिवाय मोठा एफ आणि लहान के मिळून थ होतो, आणि एकटा के म्हणजे काना. आधी सगळ्या के चे काने करून टाकले, तर थ ची दांडी काना म्हणून निघून जाते आणि मागे अर्धा थ लोंबकळत राहतो. वेलांटी आधी हलवावी, मग रफार, मग जोडसंकेत, आणि सर्वांच्या शेवटी सुटे संकेत, असा हा अंमल ठरलेला आहे.

हे हुकूम मी बोटांच्या स्मरणावर सोपवीत नाही, आणि आत काय चालले आहे याचा थांग न लागू देणाऱ्या तयार परिवर्तकांवरही माझा भरवसा नाही. ते एका साध्या फाईलीत, ओळीखाली ओळ, मजकुरासारखे लिहिलेले असतात. व्हिम या मजकूर-संपादकात ती फाईल एका खिडकीत आणि पक्षकाराचा मजकूर दुसऱ्या खिडकीत उघडायचा. हव्या त्या हुकुमाच्या ओळीवर जाऊन दोनदा वाय दाबायचा, म्हणजे ती ओळ संपादकाच्या रजिस्टरात, म्हणजे मजकूर साठवण्याच्या खात्यात, उतरते. मग मजकुराच्या खिडकीत येऊन अपूर्णविराम (कोलन), ॲटचे चिन्ह आणि दुहेरी अवतरण देऊन एंटर मारला की रजिस्टरात बसलेल्या हुकुमाची तेथल्या तेथे तामिली होते. परिणाम पसंत पडला नाही तर यू दाबून सारे पूर्ववत. ओळींचा अख्खा जथा एकदम उचलूनही हेच करता येते, मात्र प्रत्येक अदलाबदलीच्या हुकुमाच्या शेवटी एक लहान ई जोडावा लागतो. तो नसला आणि एखादे चिन्ह मजकुरात सापडलेच नाही, तर तेथेच चूक निघून पुढचे हुकूम तुंबून राहतात.

ही युक्ती व्हिमची स्वतःची नव्हे. डॅन मर्फी यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एमआयटीत रचलेल्या टेको या संपादकात मजकूर साठवण्याची जी खाती होती, त्यांतला मजकूर एका अक्षराच्या आज्ञेने हुकूम म्हणून चालवता येई. १९७६ साली ईमॅक्स या संपादकाचा जन्म झाला तो टेकोच्या अशाच हुकुमांच्या गाठोड्यातून. मजकूर आणि हुकूम एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिता यावेत, ही कल्पना मला त्या काळातील फार मोठी कल्पना वाटते. जुन्या महसुली दप्तरात मसुदा निराळा आणि त्यावरचा हुकूम निराळा, पण दोन्ही त्याच मिसलीत दाखल. म्हणूनच पुढच्या कारकुनास काय झाले एवढेच नव्हे, तर कोणत्या आधारे झाले हेही वाचता येई.

व्हिममध्ये किल्ल्यांची नोंदवलेली मालिकाही शेवटी रजिस्टरातला मजकूरच असते. क्यू आणि ए दाबून चार हालचाली नोंदवाव्यात, पुन्हा क्यू दाबून नोंद बंद करावी, आणि ए रजिस्टर कागदावर उतरवून पाहावे: आपल्या बोटांनी काय केले ते अक्षरशः समोर येते. त्यातील अनावश्यक किल्ली खोडून ओळ पुन्हा ए मध्ये उचलावी आणि चालवावी. हात जे वेंधळेपणाने करतो ते डोळ्यांनी तपासून दुरुस्त करण्याची ही सोय मला इतर कोणत्याही कारागिरीत आढळलेली नाही.

माझ्या फाईलीतील हुकुमांच्या ज्या जोडीवर माझा विशेष लोभ आहे, ती 'वऱ्हाड' या शब्दासाठी लिहिलेली आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारांनी टंकलेला आढळतो: एक, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, दुसरा, साध्या र ला हलन्त देऊन व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. मजकूर स्वच्छ करण्याच्या भरात अदृश्य चिन्हे सरसकट पुसणारा हुकूम आधी चालवला, की दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक वऱ्हाड 'वर्हाड' होतो. म्हणून वरची ओळ त्या चिन्हासकट र ला ऱ करते, खालची उरलेली चिन्हे पुसते, आणि दोहोंच्या मध्ये दुहेरी अवतरणाने सुरू होणारा माझा शेरा असतो, जो संपादक वाचीत नाही, माणसाने वाचावा: ओळींची अदलाबदल करू नये.

अर्थात जो मजकूर हुकूम होऊ शकतो, तो परक्याच्या हातूनही होऊ शकतो. फाईलीच्या माथ्यावर वा तळाशी लिहिलेल्या मोडलाइन नावाच्या सूचना व्हिम आपण होऊन पाळतो. २०१९ साली असे उघडकीस आले की विशिष्ट रीतीने रचलेली अशी ओळ असलेली फाईल नुसती उघडली, तरी संगणकावर वाटेल तो हुकूम चालवता येत असे. तो दोष दुरुस्त झाला, तरी पक्षकाराच्या फाईली मी ती सोय बंद ठेवूनच उघडतो, आणि कोणी पाठवलेली हुकुमांची ओळ आधी अक्षर न् अक्षर वाचून मगच रजिस्टरात घेतो. अकोल्याचे माझे एक समव्यवसायी मित्र याला संशयीपणा म्हणतात. त्यांनी माझी फाईल मागून नेली, आणि परत आली तेव्हा तीत त्यांच्या तीन ओळी वाढलेल्या होत्या. त्यांपैकी दोन मी ठेवल्या, तिसरीपुढे अवतरणचिन्ह घालून तिला शेरा करून टाकले.