पितळी पट्टी

मरीन ड्राइव्हवरच्या आत्याच्या घराला नवे रूप देण्याचे काम आमच्याकडे आले, ते आम्हांस सजावटीतले काही कळते म्हणून नव्हे. भाचरांपैकी मुंबईत उरलेले आम्हीच, एवढेच कारण.

घर दुसऱ्या मजल्यावर, समोर अरबी समुद्र. बॅकबेच्या भरावावर १९३० नंतर ज्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. गोलाई घेऊन वळणाऱ्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवईसारखा छज्जा. २०१८ मध्ये युनेस्कोने दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारसा ठरवले. रस्त्यावरून दिसतो तो चेहराच. आतले दिवाणखाने ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

समुद्राकाठी मुख्य सजावटकार खारा वारा. ओलाव्याबरोबर क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा मागतो आणि गिलावा आतून फुटतो. आत्याच्या छताचे तेच झाले होते. ती दुरुस्ती अटळ होती. बाकीची हौस आमची.

सजावटकार तरुण आणि अदबशीर. त्यांच्या संगणकावर सगळे घर पांढरेशुभ्र झाले होते. गॅलरीला सरकती काच लावायची सूचना आत्याने तिथेच मोडीत काढली. "आवाजच यायचा नसेल तर समुद्र कशाला?" सागवानी कपाटेही वाचली. जमिनीबद्दल मात्र ती काही बोलली नाही. हिरवट मोझॅक, त्यात पितळी पट्ट्यांनी पाडलेले चौकोन, कडा झिजलेल्या. त्यावर इटालियन संगमरवर बसवायच्या कागदावर आम्ही सही केली.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही बजावत असतो, की जुन्या पोथीतले वाचन आपल्याला खटकले म्हणून 'सुधारू' नये. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'ई-१०२७' या घराची गोष्टही सांगतो. आयलीन ग्रे यांनी ते १९२६ ते १९२९ या काळात उभारले. आतले फर्निचरही त्यांचेच. पुढे ल कॉर्बुझिए यांनी १९३८-३९ मध्ये त्यांची संमती न घेता तिथल्या भिंती रंगवल्या. दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ते घर लोकांस खुले झाले तेव्हा भित्तिचित्रेही जपलेली होती. प्रक्षेपही कालांतराने पाठात जमा होतो. हे सगळे ठाऊक असून सही केली, हे नमूद केले पाहिजे.

संगमरवर बसला, त्या रात्री आम्ही तिथेच मुक्कामाला होतो. दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर आत्या दिवाणखान्याच्या मधोमध उभी. तिला काचबिंदू आहे. कडेचे दिसत नाही, हे आम्हांस माहीत होते. पट्ट्या तळपायाने मोजत ती पलंगापासून गॅलरीपर्यंत जाते, हे माहीत नव्हते.

"अरे, पट्टी कुठे गेली?"

आम्ही हात धरून तिला खुर्चीवर बसवले. सांगितले नाहीस का, हे विचारायचे धैर्य झाले नाही. विचारायचे काम आमचेच होते.

उरलेल्या खोल्यांचे काम थांबवले. दिवाणखान्यातला संगमरवर उखडायचा तर खालचे मोझॅकही फुटेल, असे गवंडी म्हणाला. शेवटी सजावटकारांनीच मार्ग काढला: फरशीत खाच पाडून पलंगाच्या खोलीपासून गॅलरीपर्यंत एक पितळी पट्टी, बोटाला लागेल इतपत वर ठेवून.

आत्या अनवाणी त्यावरून चालत गेली. परत येऊन म्हणाली, "एकच आहे रे. आता मोजायला काही नाही."