सांगाड्याची खातरजमा

टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांच्या युगात आकाशात विहरणारे ते पंखधारी सरीसृप, यांची हाडे पोकळ असतात आणि त्यांच्या भिंती बहुधा एक मिलिमीटरही भरत नाहीत. कोट्यवधी वर्षे गाळाच्या ओझ्याखाली ती टिकली याचेच नवल. त्यामुळे एखादा व्यापारी एकही सांधा न निखळलेला सांगाडा मेजावर मांडतो, तेव्हा आमच्या पेशातील मनुष्याला आनंदाच्या आधी संशय येतो, आणि तो यावाच, असे माझे मत आहे.

सर्वस्वी बनावट जीवाश्माचे मला फारसे भय वाटत नाही. दगडात कोरून रंगविलेले हाड भिंगाखाली फार वेळ तग धरत नाही. खरा उपद्रव अस्सल हाडाला बेमालूम जोडलेल्या खोट्या तुकड्याचा. अशा वेळी मी प्रथम पाटीवरील भेगांचा माग काढतो. एखादी बारीक भेग दगडातून निघून, हाडाला छेदून, पलीकडच्या दगडात सरळ उतरली, तर दोघेही एकाच वेळी तडकले असे मानण्यास जागा असते. तीच भेग हाडाच्या कडेशी थबकून पलीकडे पुन्हा सुरू झाली, तर मधला भाग मागाहून भरलेला आहे हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. मग खोलीत काळोख करून अतिनील दिवा लावावा : हाड एका छटेने उजळते, सरस आणि रंग भलत्याच. बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या चुनखडीवर हेल्मुट टिशलिंगर यांनी हा दिवा इतक्या चिकाटीने वापरला, की साध्या उजेडात न दिसणारे पंखपटलांचे अवशेषही त्यात प्रकट झाले. (हाड उठून दिसावे म्हणून भोवतालचा दगड खरवडून चकचकीत करणाऱ्या उत्साही हातांनी अशी किती पटले धुळीस मिळवली असतील, कोण जाणे.)

ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातील दगडी गोट्यांमधून निघालेली एक कवटी व्यापाऱ्यांमार्फत श्टुटगार्टच्या संग्रहालयात पोहोचली आणि आरंभी ती एका प्रचंड टेरोसॉरची समजली गेली. तपासाअंती ती डायनोसॉरची निघाली. शिवाय मोटारीचे पोचे बुजवण्याच्या पुट्टीने तिचा मुस्कटाकडचा भाग विक्रेत्यांनी लांबवलेला आढळला. 1996 मध्ये डेव्हिड मार्टिल आणि सहकाऱ्यांनी त्या प्राण्याचे ‘इरिटेटर’, म्हणजे ‘वैताग आणणारा’, असे नामकरण करून आपला वैताग शास्त्राच्या दफ्तरी कायमचा नोंदवला. मला मात्र पुट्टी भरणाऱ्यापेक्षा, तुटक्या कवटीला कवडीमोल ठरवून अखंड कवटीला हवी ती किंमत मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग अधिक येतो.

हाडाची तपासणी संपली, तरी कागदाची उरते. ब्राझीलमध्ये 1942 च्या हुकुमान्वये जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता ठरली. तरीही फरशीच्या खाणींतून निघालेला माल परदेशी जातच राहिला. 2013 मध्ये सांतोस बंदरावर तेथील पोलिसांनी छापा घालून जो ऐवज जप्त केला, त्यात सहा चौकोनी पाट्यांत कापलेला, ‘टुपॅनडॅक्टिलस नॅव्हिगन्स’ या टेरोसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा होता. हाडे अस्सल, शिखा डौलदार, साओ पाउलोच्या विद्यापीठात अभ्यासही झाला. परंतु तो कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, कोणाच्या समक्ष निघाला, याचा पंचनामा कोणी केलेला नसल्यामुळे त्याचे मूळ स्थान दगडाच्या जातीवरूनच ताडावे लागले.

याउलट आपल्याकडचे उदाहरण. गडचिरोलीत प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा गावावरून ज्या थरसमूहाला नाव मिळाले, त्यातील जबड्याच्या एका तुकड्यावरून 1974 मध्ये सोहनलाल जैन यांनी भारतीय टेरोसॉरची नवी जात वर्णिली. पुढच्या अभ्यासकांनी मात्र, एवढासा तुकडा नव्या जातीच्या नावाचा भार पेलण्यास अपुरा आहे, असा आक्षेप घेतला. त्या वादात मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. तरीही बाजारातल्या देखण्या सांगाड्याआधी मी तो तुकडाच पाहायला मागेन, कारण त्याचा थर ठाऊक आहे, आणि वाद मिटवायचा झाल्यास हातोडी घेऊन त्याच थरात पुन्हा उतरता येते.