गाडीची ओढ

मोटार बंद पडली की तिचा राग येतो. पण मोटार चालते आणि ओढत मात्र नाही, तेव्हा मनुष्य विचारात पडतो. बंद पडलेल्या गाडीत काहीतरी तुटलेले, जळलेले किंवा संपलेले असते आणि शोधणाऱ्याला ते कधी ना कधी सापडते. ओढ गेलेल्या गाडीत सारे काही जागच्या जागी असते. इंजिन सुरू होते, दिवे लागतात, भोंगा वाजतो. फक्त चढ आला की पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये जाणारी गाडी दुसऱ्यात कण्हू लागते, आणि उसाने भरलेले ट्रकदेखील तिला मागे टाकून जातात.

नव्या मोटारींच्या मालकांना हे दुःख पुरते कळायचे नाही. त्यांच्या गाडीत संगणक असतो. कारागीर त्याला एक यंत्र जोडतो आणि दोषाचा क्रमांक वाचून दाखवतो. (तो क्रमांक पुष्कळदा दोषाचा नसून दोषाच्या शेजाऱ्याचा असतो, ही गोष्ट निराळी.) माझी गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. तिला कसलाही क्रमांक सांगता येत नाही. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, आणि नवी कोरी असतानाही शक्ती जेमतेम ४० घोड्यांची. ज्याचे उत्पन्न मुळातच बेताचे, त्याच्या घरी लहानशी गळतीही लगेच जाणवते. तिच्या जातभाईंपैकी शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तेव्हा तिच्या आजाराकडे पाहण्याची लोकांची दृष्टी आधीच ठरून गेलेली असते, हे ओघानेच आले.

गाडी वडिलांची. ते गेले त्या वर्षीचा सबंध पावसाळा ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. त्यानंतर पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या घाटात तिने प्रथम दम टाकला. नोंदणीचे दर पाच वर्षांनी येणारे नूतनीकरण दोन महिन्यांवर आले होते, म्हणून एका गॅरेजात दाखवली. तेथील तरुणाने बॉनेट उघडले, अर्धा मिनिट कान दिला आणि म्हणाला, "वय झालंय हिचं. इंजिन उतरवून बोअर करावं लागेल." त्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जात होता. "मग भंगारात देऊन टाक," असे दादाने फोनवरून एका वाक्यात सांगितले. आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी तिने गाडीच्या खणातली वडिलांची पेट्रोलच्या हिशेबाची वही काढून आणली आणि आपल्या कपाटात ठेवून दिली. तिचा निर्णय मला त्यावरून कळला.

'वय झाले' हे निदान मला कधीच पटलेले नाही. ते खोटे असते असे नव्हे. पण ते उच्चारले की शोध थांबतो. म्हणून मी गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. वडिलांच्या वेळेपासून ते तिला ओळखत होते.

त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. ओट्यावर बसून ते प्रश्नच विचारत राहिले. ओढ एकदम गेली की हळूहळू? थंड असताना बरी चालते का? चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढीच राहते, की आवाजही वाढत नाही? आवाज वाढून वेग वाढत नसेल तर इंजिन निर्दोष, क्लच घसरतो आहे. आमचा आवाजही वाढत नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, "लिटरला किती देते?" मी घरी जाऊन कपाटातली वही आणली.

वडिलांच्या हातच्या नोंदी तेराच्या आसपास स्थिर होत्या. पावसाळ्यानंतरच्या माझ्या पहिल्याच नोंदीत साडेदहा होते. मिस्त्रींनी त्या दोन ओळींवर बोट ठेवले. "साहेब, झीज चालण्यानं होते. शेडमध्ये उभी राहून इंजिन झिजत नाही, अडकतं." माझ्या मते अर्धे निदान येथेच झाले.

नंतरचे काम त्यांनी स्वस्तापासून महागाकडे, या क्रमाने केले. मला यवतेश्वराच्या रस्त्याने फिरवून आणले आणि उतरताच चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागचे डावे चाक तापलेले होते; ब्रेक पुरता सुटत नव्हता. "हा चोर खरा, पण लहान," ते म्हणाले. मग मला पेडल तळापर्यंत दाबायला सांगून कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते की नाही ते पाहिले. (पायाखालच्या जाड गालिच्याने निम्मी शक्ती खाल्लेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या म्हणे.) हवेची जाळी स्वच्छ होती, पेट्रोल पुरेसे येत होते, सायलेन्सर आतून तुंबलेला नव्हता. हवेच्या बाबतीत निसर्गही आपला कर घेतोच. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, आणि तेथे विरळ हवेमुळे अशा प्रत्येक इंजिनाची साधारण आठवा हिस्सा शक्ती कमी होते. त्यावर कोणत्याही मिस्त्रीपाशी इलाज नाही.

मग चारही प्लग काढून सिलिंडरांतला दाब मोजला. गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे असते तर दाब उतरलेला दिसता, आणि चमचाभर तेल आत सोडल्यावर तो वर चढता. कारण तेल झिजलेल्या रिंगांच्या फटी क्षणभर बुजवते. तेलानेही दाब वाढला नाही तर दोष व्हाल्वचा. आमचे चारही आकडे १२० आणि १३० पौंडांच्या मध्ये भरले. इंजिन उतरवण्याचा प्रश्न तेथेच मिटला.

राहिली ठिणगी. ठिणगी पडत होती आणि ती चांगली निळसरही होती. पण ठिणगी पडणे आणि वेळेवर पडणे यांत अंतर आहे. पेट्रोलची वाफ एकदम भडकत नाही. ज्वाला पसरायला थोडा अवकाश लागतो. इंजिन संथ फिरत असते तोवर तो पुरतो. वेग वाढला की ठिणगी अधिक आधी पडावी लागते, नाहीतर पिस्टन खाली निघून गेल्यावर मागून ढकलल्यासारखे होते. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजने असतात. वेगाबरोबर ती स्प्रिंगांना ताणून बाहेर फाकतात आणि ठिणगीची वेळ पुढे घेतात. मिस्त्रींनी ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा पुलीवरच्या खुणेवर धरला आणि मला इंजिनाचा वेग वाढवायला सांगितले. खूण सरकायला हवी होती. ती जागची हलली नाही.

उभ्या गाडीत कान देणाऱ्याला हा दोष ऐकू येणे शक्यच नव्हते, कारण संथ फिरणाऱ्या इंजिनाला वजनांची गरजच पडत नाही. डिस्ट्रिब्यूटर उघडला तेव्हा जुने ग्रीस वाळून डिंकासारखे झालेले आणि त्याखाली पावसाळ्याचा गंज दिसला. मिस्त्रींनी वजने रॉकेलमध्ये धुतली, तेलाचे दोन थेंब सोडले, एक सैल स्प्रिंग बदलली. पुन्हा दिवा धरला. मी वेग वाढवला, तशी खूण पुलीवर सावकाश पुढे सरकली, आणि इंजिनाच्या आवाजातला तो मंद घोगरेपणा गेला. त्या सायंकाळी मागच्या ब्रेकचे अडकलेले सिलिंडरही बदलून झाले. सारा खर्च दीड हजारांच्या आत आला, आणि त्यातले निम्मे पैसे ब्रेकचे होते.

नूतनीकरण यथाकाल झाले. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवावी असे मिस्त्रींनी बजावले आहे, आणि ते काम आईने आपल्या अंगावर घेतले आहे. म्हणजे ती शेजारच्या आसनावर बसते आणि मी चालवतो. वही पुन्हा गाडीच्या खणात गेली आहे. अलीकडच्या नोंदी साडेबाराच्या आहेत. उरलेला अर्धा किलोमीटर कोठे गेला, असे मी मिस्त्रींना परवा विचारले. हात पुसत ते म्हणाले, "तेवढं वयाचं."