मिनारची पट्टी

नेपोलियनची १८१२ची रशिया मोहीम शिकवताना आज नववीत मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ मधला आलेख लावला. जाताना ४,२२,००० सैनिकांची जाडजूड पट्टी, परतताना १०,००० ची जेमतेम रेघ. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं! खाली उतरतं तापमान. बेरेझिना नदीपाशी पट्टी जवळजवळ निम्मी होते, तिथे मुलं थबकलीच.

“सर, पण मॉस्कोला पोचायच्या आधीच एवढे कमी कसे?” मागच्या बाकावरून आलं. सगळं खापर हिवाळ्यावर फोडणारं ठोकळेबाज उत्तर तिथेच लंगडं पडलं.

(हल्लीची चित्रविचित्र रंगांची तयार पोस्टरं मला सोसत नाहीत; ती बघून प्रश्नच पडत नाही.)

उद्या अशीच पट्टी काढायला शाळेचे हजेरीपट देणार. पाचवी ते दहावी, मुलींची पट्टी कुठे बारीक होते ते मुलांनीच काढायचं.