रत्नागिरीच्या माजघरांतील मिरजेचे तंबोरे

रत्नागिरीस येणारा प्रवासी बहुधा ठरलेल्या वाटेनेंच हिंडतो. लोकमान्यांचें जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनीं १९३१ सालीं उभविलेलें पतितपावन मंदिर, भगवतीचा किल्ला, मांडवीचा धक्का आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचा राजवाडा, एवढें पाहिलें व आंब्याची पेटी बांधून घेतली कीं त्याची यात्रा पुरी होते. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु गांवाची खरी ओळख गांवांतील घरांच्या माजघरांत शिरल्यावांचून होत नसते, आणि तेथपर्यंत प्रवाशाची गति नसते. आज आम्ही वाचकांस त्या माजघरांतील एका कोपऱ्यापर्यंत नेणार आहोंत.

टिळक आळी, खालची आळी, झाडगांव, परटवणें या भागांतील कौलारू घरें दिवसेंदिवस कमी होत चाललीं असून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उठत आहेत. तथापि जीं उरलीं आहेत त्यांपैकीं अनेकांत सुती खोळ घातलेला एखादा तंबोरा अजून आढळतो. कोठला म्हणून विचारावें तर उत्तर एकच, "मिरजेचा." कीर्तन, भजन आणि नाट्यसंगीत यांची गोडी या गांवास जुनी आहे. हल्लीं दरवर्षीं थिबा राजवाड्याच्या प्रांगणांत संगीत महोत्सव भरतो, त्यास मुलांबाळांसह मंडळी लोटतात. आणि महोत्सव आटोपला कीं कोणा ना कोणाच्या घरीं प्रश्न निघतो: मुलगी गाणें शिकते आहे, तिला हातानें घडविलेला तंबोरा घेऊन द्यावा काय? भारी किंमतीचा परवडत नाहीं. साधा घेतला तर तो टिकेल काय? आणि खिशांतील मोबाईलमधून सूर फुकट मिळत असतां हा खर्च करावाच कां? मिळवता एक आणि खाणारीं तोंडें सहा, अशा घरांत हा प्रश्न लहान नव्हे. दुकानदारास विचारावें तर तो विकणारा, गवयास विचारावें तर त्याची दृष्टि मैफलीची. म्हणून ज्यांच्या घरीं अशीं साधीं वाद्यें वर्षानुवर्षें नांदलीं त्यांचेंच मत घ्यावें असें ठरवून आम्ही चार घरें हिंडलों.

त्यापूर्वीं हें वाद्य येतें कोठून तें सांगणें अवश्य आहे. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा अशा वाटेनें आंबा घाट चढावा, मलकापूर मागें टाकून कोल्हापूर गांठावें, आणि पुढें हातकणंगलें व जयसिंगपूर यांवरून मिरजेस पोहोंचावें. घाटाच्या अलीकडे लाल माती, ओलावा व फणस; पलीकडे काळी जमीन, ऊंस व कोरडा वारा. वाचकांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा. तंबोऱ्याचें पुष्कळसें सुखदुःख त्यांतच आहे.

मिरजेचा हा व्यवसाय सुमारें पावणेदोनशें वर्षांचा आहे. इंग्रजी अंमल बसल्यावर तलवारी व भाले यांस धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसला. त्यांच्यांतील फरीदसाहेब नांवाच्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांकडे आपला हात वळविला, आणि शस्त्रें घडविणाऱ्यांचे वंशज सतारमेकर झाले. पटवर्धन संस्थानिकांची गुणग्राहकता, पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचें वास्तव्य, त्यांच्यापाशीं विष्णु दिगंबर पलुस्करांचें झालेलें अध्ययन, यांमुळें गांवांत गाण्याचें वारें होतेंच. पुढें किराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस स्थायिक झाले. त्यांचें नुसतें गाणेंच नव्हे, तर वाद्याची जवारी लावण्याचा हातहि विलक्षण होता असें जाणते सांगत आले आहेत. १९३७ सालीं मद्रासेकडील प्रवासांत त्यांचा अंत झाला, तरी देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांस विसावा देण्यांत आला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही या सर्व परंपरेची सरकारी मोहोर होय.

आतां स्वस्त व महाग यांत अंतर कशाचें, तें पाहूं. तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू जातीचा असतो. पंढरपूर-मंगळवेढें या बाजूच्या शेतांतून तो मिरजेस येतो. तो कित्येक महिने वाळवावा लागतो. वाळलेला भोपळा कापून, भिजवून आकारास आणतात, मग त्यावर तबली बसते व गळ्याशीं दांडी सांधतात. लांकूड बहुधा तुणीचें. तेंहि चांगलें मुरलेलें हवें. पूर्वीं घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करीत. कायद्यानें त्यांस बंदी आल्यापासून उंटाचें हाड अथवा शिसवी वापरतात. किंमत वाढते ती तीन कारणांनीं: भोपळ्याचा मोठा व सुडौल आकार, लांकडाचें वय, आणि वेलबुट्टीची नक्षी. पहिल्या दोहोंचा नादाशीं संबंध आहे, तिसऱ्याचा डोळ्यांशीं. चवथी गोष्ट जवारीची. तार घोडीच्या एका धारेवर न टेकतां रुंद, किंचित् वक्र पृष्ठावरून घसटत जावी असें तें पृष्ठ कानसेनें घासून सिद्ध करावयाचें, आणि मग तारेखालीं सुताचा धागा सरकवून नाद खुलवावयाचा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं वीणा व तंबोरा यांच्या या वक्र घोडीवर निबंध लिहून, पाश्चात्य वाद्यांत न उमटणारे उपस्वर येथें कां उमटतात याची मीमांसा केली. जें एका नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यास अभ्यसनीय वाटलें, तें मिरजेच्या गल्लींतील कारागीर केवळ कानानें साधतो.

पहिलें घर खालच्या आळींतील एका वृद्ध गायनशिक्षिकेचें. त्यांचा तंबोरा अगदीं साधा, नक्षीची एक रेघ नाहीं. नोकरी लागली त्या वर्षीं साठविलेल्या पैशांतून घेतलेला. त्यावर तीन पिढ्यांच्या मुली शिकून गेल्या. आम्हीं विचारलें, "बाई, भारी घेतला असता तर बरें झालें असतें असें कधीं वाटलें काय?" त्या हंसून म्हणाल्या, "गुरुजी, नक्षी गात नाहीं हो. मी घेतांना कानाकडे लक्ष दिलें. षड्जाच्या तारा जुळल्या कीं खर्जांतून गंधार आपोआप बोलतो. तो बोलला, मी पैसे मोजले." त्यांनीं तारा जुळवून दाखविल्या, आणि कोणीहि न छेडलेला तो गंधार आमच्यासारख्या अगायकासहि स्पष्ट ऐकूं आला.

दुसरें घर झाडगांवांतील कीर्तनकारांचें. त्यांचें मत निराळें. "वाद्य उत्तम, पण तें घरांत बसणाऱ्याचें," असें ते म्हणाले. गांवोगांव एस.टी.नें हिंडतांना त्यांच्या तंबोऱ्याचा भोपळा एकदां तडकला. मिरजेच्या कारागिरानें आंतून पट्टी देऊन तो सांधला, व सांधा आजहि शाबूत आहे; परंतु तेव्हांपासून प्रवासांत ते यांत्रिक तंबोरा नेतात आणि घरच्या रियाजास खरा वापरतात. यंत्राची त्यांनीं निंदा केली नाहीं. "तें चुकत नाहीं, हा त्याचा गुण, आणि मला कांहीं शिकवीतहि नाहीं, हा त्याचा दोष. तंबोरा रोज थोडा उतरतो, म्हणून रोज कान घासावा लागतो."

तिसरें घर मारुति मंदिराजवळील एका तरुण अभियंत्याचें. हा मँडोलिन वाजवितो. इटलीकडील हें वाद्य सज्जाद हुसेन यांनीं हिंदी चित्रपटसंगीतांत व दक्षिणेच्या यू. श्रीनिवास यांनीं कर्नाटकी मैफलींत प्रतिष्ठेस नेलें, हें वाचकांस ठाऊक असेलच. याची तक्रार मात्र कडक होती. बहिणीसाठीं त्यानें परगांवच्या एका दुकानांतून स्वस्त तंबोरा आणविला. पहिल्याच आषाढांत खुंट्या फुगून फिरेनाशा झाल्या आणि तबलीचा सांधा उकलला. लांकूड कच्चें होतें. दुकानदारानें पत्रास उत्तर दिलें नाहीं. "माझ्या मँडोलिनच्या आठ तारा खाऱ्या वाऱ्यानें गंजतात त्या मी बदलतों, पण सांधा कोण बदलणार?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. स्वस्ताई दोन प्रकारची असते: एक शोभा वगळून केलेली, दुसरी वाळवणाचा काळ वगळून केलेली. पहिली काटकसर होय, दुसरी फसवणूक.

चवथें घर परटवण्यांतलें, आणि तेथें आम्हीं जें ऐकिलें तें तंबोऱ्यापुरतें नव्हतें. तीन भावांचें एकत्र कुटुंब; घर इमारतीसाठीं द्यावयाचें ठरलें होतें. भांडीं, दागिने, कलमें यांची वांटणी बिनबोभाट झाली, परंतु दिवंगत मातोश्रींच्या तंबोऱ्यावर बोलणें अडलें. बाजारांत त्याला फारसें मोल नव्हतें. थोरल्यास तो आईची आठवण म्हणून हवा होता, मधल्याच्या नव्या सदनिकेंत तो ठेवण्यास जागा नव्हती, पण सोडवतहि नव्हता. धाकटा म्हणाला, विकून टाकूं, म्हणजे तंटाच मिटेल. कित्येक दिवस भाऊ एका पंक्तीस बसले नाहींत. अखेर थोरल्या सूनबाईंनीं मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "सासूबाई हा तंबोरा पुसून ठेवीत नव्हत्या, वाजवीत होत्या. जो वाजवील त्याचा." वाजविणारी घरांत एकटीच, धाकट्याची मुलगी. तिघा काकाबाबांनीं वर्गणी करून तो मिरजेस पाठविला, नव्या तारा व नवी जवारी करून आणविला, आणि जो विकावयास निघाला होता त्याच्याच घरीं तो आज आहे. दिवाळीस सर्वजण तेथें जमतात. थोरले बंधु आम्हांस म्हणाले, "आईचा आवाज गेला, पण ज्या सुरांत ती गात असे तो सूर राहिला." यावर आमच्यानें कांहीं बोलवलें नाहीं.

चारहि घरांचा एक अनुभव समान आहे, तो हवेचा. रत्नागिरीस वर्षाकांठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मिरजेस त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाहि नाहीं. कोरड्या हवेंत जन्मलेलें वाद्य येथें आलें कीं लांकूड फुगतें, सांध्याचा सरस ढिला पडतो, पोलादी तारा तांबारतात. म्हणून अनुभवी मंडळी मृगापूर्वीं तारा थोड्या उतरवितात, तंबोरा बाहेरच्या ओल्या भिंतीशीं न टेकवितां घराच्या मधल्या खोलींत ठेवितात, खोळ प्लास्टिकची न वापरतां सुती वापरतात, वाजविल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसतात आणि श्रावणांतलें ऊन पडलें तरी उन्हांत वाळवीत नाहींत, कारण त्यानें भोपळा तडकतो. मुख्य म्हणजे तो रोज वाजवितात. ज्याच्यावर हात फिरतो त्याचें बिघडणें वेळींच कळतें.

या सर्व मतांवरून आमच्या बुद्धीस जें पटलें तें असें. ज्यास झेपेल त्यानें नक्षीचा मोह सोडून साधा पण मुरलेल्या लांकडाचा तंबोरा घ्यावा. तो घरबसल्या न मागवितां मिरजेस जाऊन, शिकणाऱ्या मुलास व शक्य तर त्याच्या शिक्षकास बरोबर नेऊन, गंधार कानीं पडेपर्यंत बसून घ्यावा. आणि पुढें दुरुस्तीस कोणाकडे यावयाचें तें त्याच वेळीं ठरवावें. ज्यास आज झेपत नाहीं त्यानें यंत्रावर शिकण्यास संकोच मानूं नये. परंतु ज्या घरांत जुना तंबोरा कोपऱ्यांत उभा आहे, त्यांनीं नवें कांहीं घेण्यापूर्वीं एकदां त्याची खोळ काढून पाहावी. मिरजेच्या त्या गल्लींत आज पुष्कळ मुलें दुसऱ्या चाकऱ्या धरूं लागलीं आहेत. मानांकनाच्या कागदानें धंद्याची कीर्ति वाढेल, पण जवारी लावणारा हात जगेल तो कोणीतरी जवारी लावून मागितली तरच. आपल्या माजघरांतील एक तंबोरा वाजता झाला तर आंब्याच्या घाटापलीकडील एका कानसेला काम मिळतें, आणि आपल्या घरांतल्या एखाद्या लहानग्या गळ्याला खरा षड्ज मिळतो. एवढ्या मोठ्या लाभापुढें तो खर्च आम्हांस तरी जड वाटत नाहीं.