तापीकाठचे पिणारे

फोपनारहून बुऱ्हाणपूरला गेलो, की बाजार आटोपून पाय शाही किल्ल्याकडे वळतातच. खाली तापी, वर पडके महाल. लोक हमामखान्याचं छत बघत बसतात. मला आठवतो दानियाल. अकबराचा हा मुलगा याच शहरात दारूपायी गेला, १६०५ साली. बापाने त्याचं पिणं बंद केलं, पहारे बसवले. तर नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली. नळीतला गंज, बारुदीची काजळी, सगळं त्यात उतरलं. बंदूकही त्याची लाडकी, हौसेने नाव ठेवलेलं जनाज्यावरून! १६२६ मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझही इथेच, तसाच गेला. दख्खनच्या मोहिमांचा हा तळ. लढाई थोडी, रिकामा वेळ फार. मग दुसरं काय होणार?