शनिवार सकाळची ड्युटी

शनिवारी सकाळी सात वाजता तुम्ही काय करत असता? मी सांगते... झोपलेले असता! आठवडाभर बॉस, टार्गेट, ट्रॅफिक. वीकेण्डला तरी अलार्म नको, हो ना? मी फ्रीलान्सर असले तरी याबाबतीत तुमच्याच पार्टीतली. त्यामुळे साठीला टेकलेली एक बाई दर शनिवारी उजाडताच गाडीत गोलच्या जाळ्या टाकून ग्राउंड गाठते, आणि तिथे तिचं स्वतःचं एकही मूल खेळत नाही, हे पचायला मला जरा वेळच लागला.

ताईच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने टॉरन्सला राहिले होते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं हे शहर, जपानी वस्ती भरपूर. आठ वर्षांच्या भाच्याला सॉकरला नेणं माझ्याकडे आलं आणि तिथे या भेटल्या. मी सवयीने 'काकू' म्हटलं तर खो खो हसल्या. जपानीत 'काकु' म्हणजे लिहिणं! "ते काम तर तुझं," म्हणाल्या. इतर जपानी बायका त्यांना त्यांच्या थोरल्याच्या नावाने, अमक्याची ममा म्हणतात. आपल्या बिल्डिंगमध्ये अमक्याची आई असते ना, सेम टू सेम.

काकूंचं हे वेड आईकडून आलेलं. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या बायकांनी व्हॉलीबॉलचं गोल्ड जिंकलं. टीममधल्या बहुतेक जणी एकाच कापडगिरणीच्या! मग देशभरातल्या गृहिणी कोर्टवर उतरल्या. 'ममासान व्हॉलीबॉल' हे नावच पडलं त्याला. काकूंची आईही खेळायची आणि छोट्या काकू जिममध्ये कडेला बसून होमवर्क करायच्या.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागे त्या अमेरिकेत आल्या. इंग्रजी बेताचं, ड्रायव्हिंगची धास्ती, दिवसभर घरात एकटं. मुलाला सॉकरला घातलं, तेव्हा कोणीतरी सांगितलं, हाफ टाइमला संत्र्याच्या फोडी आणा. संत्री कापायला इंग्रजी लागत नाही! तिथून सुरुवात झाली. मग मैदानाच्या रेषा आखणं, मग स्कोअर, मग चक्क रेफरीची शिट्टी. नियमांचं पुस्तक डिक्शनरी घेऊन पाठ केलं म्हणे.

एवायएसओ ही मुलांची सॉकर संघटना टॉरन्समध्येच सुरू झालेली, तीही 1964 सालीच. सगळा कारभार व्हॉलंटिअर पालकांवर. तिचा पहिला नियम : प्रत्येक मूल खेळणार, निदान अर्धी मॅच तरी. माझा भाचा म्हणजे टीममधला सगळ्यात कच्चा भिडू. एका अटीतटीच्या मॅचला त्याला बाहेरच ठेवायचं घाटत होतं. काकू स्टॉपवॉच घेऊन उठल्या आणि एवढंच बोलल्या, "हाफ. एव्हरीबडी." भाचा आत गेला. मॅच हरलो. पण पुढच्या शनिवारी साहेब आपणहून बूट घालून दारात उभे!

म्हणजे काकू त्यागमूर्ती वगैरे आहेत का? अजिबात नाही. जपानमध्ये मुलांच्या बेसबॉल टीमला आयांनी पाळीपाळीने जाऊन कोच लोकांना चहा द्यायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बऱ्याच आया त्याला वैतागलेल्या असतात. काकूंचं मत स्पष्ट : "सक्ती असती तर मी पळाले असते." त्यांच्या ड्युटी चार्टवर बाबांची नावं आधी असतात आणि कोणी दांडी मारली तर फोन बाबांनाच जातो.

2014 मध्ये टोयोटाने अमेरिकेतलं मुख्यालय टॉरन्सहून टेक्सासला न्यायचं जाहीर केलं आणि पुढच्या तीन वर्षांत हलवलंही. काकूंच्या ओळखीची कितीतरी घरं रिकामी झाली, टीमला मुलं पुरेनात. त्यांची स्वतःची मुलंही कॉलेजच्या वाटेवर. सोडून द्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला! पण काकू नव्याने राहायला येणाऱ्यांची दारं वाजवायला लागल्या. मेक्सिकन, कोरियन, आणि पुढे एक दिवस आमची ताई. ताईला त्या शहरात पहिली मैत्रीण मिळाली ती ही अशी.

"मुलं मोठी झाली, आता कशाला?" मी विचारलंच. त्या जाळी बांधत होत्या. "मी आले तेव्हा कोणीतरी जाळी बांधून ठेवली होती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुला मुलं नाहीत, पण शनिवार आहे ना?"

आपल्याकडे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटची किट सांभाळत बसलेल्या आया मी लहानपणापासून बघत आलेय. त्या तिथे बसतात म्हणून नेट्स चालतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या एरियातही असं एखादं ग्राउंड असेलच. तिथे कोच असतो, मुलं असतात. स्कोअर लिहायला, पाणी भरायला माणूस मात्र नेहमीच कमी पडतो. एक शनिवार जाऊन बघा. झोप काय, रविवारीही होते!